क्वार्ट्झ घेऊन फिरलेला प्रोफेसर

लॅबमधल्या सिग्नल जनरेटरवर १० मेगाहर्ट्झ लावा आणि तेच काउंटरवर बघा. शेवटचे एक-दोन आकडे हमखास जुळत नाहीत. मग खरं कोण? या प्रश्नामुळेच मला वॉल्टर गायटन केडी हा माणूस आवडायला लागला.

केडींचा जन्म १८७४ साली अमेरिकेत, प्रॉव्हिडन्सला झाला. १९०० मध्ये बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन ते परतले आणि १९०२ पासून १९४६ पर्यंत मिडलटाउनच्या वेस्लियन युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकवत राहिले. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्याचं काम करताना त्यांना पिझोइलेक्ट्रिक क्रिस्टलचा नाद लागला. क्वार्ट्झच्या तुकड्याला एसी व्होल्टेज दिलं की तो आपल्या ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला जोरात थरथरतो आणि ती फ्रिक्वेन्सी सहजी हलत नाही. यावरून १९२१ साली त्यांनी क्रिस्टल ऑसिलेटर बनवला. त्याचं पेटंट पुढे बेल लॅबच्या निकलसनना मिळालं, ही गोष्ट वेगळी!

पण मला भावतं ते १९२३ साल. रेडिओ स्टेशनं भराभर वाढत होती आणि प्रत्येक देश आपापल्या स्टँडर्डने फ्रिक्वेन्सी मोजत होता. केडी आपले क्वार्ट्झ रेझोनेटर घेऊन युरोपला गेले आणि इटली, फ्रान्स, इंग्लंडमधल्या स्टँडर्डशी ते ताडून पाहिले. क्वार्ट्झ तोच, म्हणजे आकडा बदलला तर फरक त्या त्या लॅबच्या मोजमापातला! देशादेशांच्या फ्रिक्वेन्सी स्टँडर्डची ही पहिली थेट तुलना मानतात.

आपल्या बेंचवरही हेच करायचं असतं. प्रत्येक उपकरणात वेगळा क्रिस्टल असतो, म्हणून तर भांडण. सगळ्यात भरवशाच्या उपकरणाचं १० मेगाहर्ट्झ आउटपुट बाकीच्यांच्या एक्स्टर्नल रेफरन्स इनपुटला द्यायचं. उपकरणं जास्त असतील तर टी-कनेक्टरची माळ लावू नका, लेव्हल पडते. डिस्ट्रिब्युशन अँप्लिफायर वापरा.

मात्र एक लक्षात ठेवा. आकडे जुळले म्हणजे ते खरे झाले असं नाही. रेफरन्सच चुकला तर सगळी उपकरणं एका सुरात चुकतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. म्हणून मधूनमधून रेफरन्सलाही बाहेरच्या स्टँडर्डशी ताडून पाहायला हवं. केडी त्यासाठी समुद्र ओलांडून गेले होते.

९ डिसेंबर १९७४ रोजी ते वारले. शंभरी पूर्ण व्हायला फक्त एक दिवस कमी होता.