दोन कानांचा इंजिनिअर : ॲलन ब्लुमलाइन

काउंटर-स्ट्राइक खेळताना डावीकडून पावलं वाजली की शत्रू दिसायच्या आधीच आपला माऊस डावीकडे वळतो. आता हेडफोनला स्पीकर दोनच, मग ही दिशा येते कुठून? हॉस्टेलमध्ये मी बऱ्याच जणांना विचारलं. बहुतेकांनी साउंड कार्डचं नाव घेतलं. मी मात्र ॲलन ब्लुमलाइनचं नाव घेईन.

ब्लुमलाइनचा जन्म २९ जून १९०३ चा, लंडनचा. सिटी अँड गिल्ड्स कॉलेजातून तो इंजिनिअर झाला. १९२९ साली कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत लागला. १९३१ मध्ये याच कंपनीच्या विलीनीकरणातून ईएमआय उभी राहिली. तेव्हा बोलपट नवे होते. नट पडद्यावर या टोकाहून त्या टोकाला जाई, पण आवाज एकाच जागेवरून येई. असं सांगतात की, होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमा पाहताना हे त्याला खटकलं. आपणही असे सिनेमे पाहिले असते, पण चिवडा खात गप्प बसलो असतो! त्याने १४ डिसेंबर १९३१ रोजी पेटंटचा अर्ज केला. त्यात तब्बल ७० दावे होते. आज ज्याला आपण स्टिरिओ म्हणतो, ते हेच.

यातली गंमत अशी. डावीकडचा आवाज उजव्या कानाला जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदाने उशिरा पोचतो, आणि मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. ब्लुमलाइनने दाखवलं की दोन स्पीकरमधून एकच आवाज एकाच क्षणी, फक्त कमी-जास्त जोराने सोडला तरी पुरतं. प्रत्येक कान दोन्ही स्पीकर ऐकतो, आणि त्या बेरजेतून खालच्या सुरांसाठी तो वेळेचा फरक आपोआप तयार होतो. गेममध्येही आधी आवाजाचा कोन काढून तो डाव्या-उजव्या बाजूत वाटतात. मधोमध असेल तर दोन्हीकडे ०.७०७ पट, म्हणजे एकूण पॉवर तेवढीच राहते. हेडफोनवर मात्र ही बेरीज होत नाही. म्हणून नवे गेम वेळेचा फरक आणि कानाच्या आकाराचा परिणाम गणिताने घालतात.

१९३४ मध्ये ॲबी रोड स्टुडिओत त्याने मोझार्टचं संगीत या पद्धतीने रेकॉर्ड केलं. पण बाजार मंदीचा होता, काम मागे पडलं. मग तो टेलिव्हिजनकडे वळला. १९३६ साली बीबीसीने सुरू केलेल्या ४०५ रेषांच्या टेलिव्हिजनमागे त्याचाही हात होता. युद्धात तो रडारवर काम करू लागला.

७ जून १९४२ रोजी एचटूएस रडारची चाचणी घेताना त्याचं हॅलिफॅक्स विमान कोसळलं. ११ च्या ११ जण गेले. चौकशीत निघालं काय, तर इंजिनमधला एक टॅपेट नट नीट आवळलेला नव्हता! ब्लुमलाइन अवघा ३८ वर्षांचा होता. नावावर १२८ पेटंट होती. युद्धामुळे ही बातमीही दाबून ठेवली गेली. स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या १९५८ मध्ये, त्याच्याच पेटंटमधल्या ४५ अंशांच्या खाचेसह. त्या ऐकायला तो नव्हता.

वर्कशॉपमध्ये नट आवळताना आपल्याला कंटाळा येतो, सर बघत नसतील तर जास्तच. मला वाटतं, त्या वेळी त्या ११ जणांची आठवण ठेवावी.