बहिणाबाई चौधरी : शेत, शब्द आणि मनाचा धीर

प्रास्ताविक

तळोद्याच्या परिसरात तुमचे वास्तव्य असेल, तर वादळाने आडवी झालेली पपईची बाग किंवा पथारीवर वाळत असताना अवकाळी पावसात भिजलेली मिरची तुम्ही पाहिली असेल. अशा हानीचा पंचनामा होतो. मनावर पडलेल्या भाराची नोंद मात्र सहसा होत नाही. हवामानबदलाच्या काळात हा भार वाढत आहे. तो पेलताना निसर्गाशी असलेले नाते आणि शब्द यांचा कितपत आधार मिळतो, हे समजून घेण्यासाठी आपण खानदेशातीलच एका शेतकरी स्त्रीचे चरित्र अभ्यासणार आहोत. तळोदा ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते, त्या जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ पासून तिचे नाव आहे.

जीवनपट

बहिणाबाईंचा जन्म १८८० साली जळगावजवळील असोदे येथे झाला. उखाजी महाजन आणि भिमाई हे त्यांचे आईवडील. भावंडांनी भरलेल्या त्या घरात शेतीची कामे, सणवार आणि ओव्या यांचे संस्कार त्यांना लाभले. अक्षरओळख मात्र लाभली नाही. वयाच्या तेराव्या वर्षी जळगावच्या नथूजी चौधरी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ओंकार, सोपानदेव आणि काशी ही त्यांची तीन अपत्ये.

१९१० साली नथूजींचे निधन झाले. बहिणाबाई तेव्हा तीस वर्षांच्या होत्या आणि सोपानदेव जेमतेम तीन वर्षांचे. थोरल्या ओंकारला प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. वैधव्य, मुलांचा सांभाळ आणि पावसावर अवलंबून असलेली शेती हे सारे एकाच वेळी त्यांच्या वाट्याला आले. पुढची चार दशके त्यांनी याच कष्टांत काढली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले.

कामातून उमटलेले काव्य

बहिणाबाईंनी काव्यासाठी वेगळा वेळ काढला नाही. जात्यावर बसल्या असता, शेतात राबत असता त्या लेवा गणबोलीत गाणी रचत. म्हणूनच त्यांच्या काव्यातील निसर्ग दुरून न्याहाळलेला नाही. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी अशा कामांच्या क्रमानेच तो समोर येतो. धान्य उपणताना वारा पडला की काम खोळंबते. अशा वेळी त्या वाऱ्याची आळवणी करतात. माणसाची गरज आणि निसर्गाची लहर यांतील अंतर त्यांना पुरते ठाऊक आहे. सुगरणीच्या खोप्याकडे पाहताना त्यांचे लक्ष एवढ्याशा चोचीने केलेल्या कामाकडे जाते. मनाची चंचलता सांगताना त्यांना पिकात शिरणारे मोकाट ढोर आठवते. ते कितीदाही हाकलले तरी पुन्हा पिकाकडे वळते.

ही शेवटची प्रतिमा विशेष विचारात घ्या. मनाला घेरणाऱ्या विचारांना त्यांनी आपल्या रोजच्या अनुभवातील रूप दिले. ढोर हाकलणे हे शेतकऱ्याचे नित्याचे काम आहे. ते एकदा करून संपत नाही, पण त्यामुळे कोणी शेत सोडून जात नाही. आपल्या वैधव्याविषयीही बहिणाबाईंनी गाणे रचले. त्यात दुःख झाकलेले नाही. दुःखाकडे सरळ पाहणे आणि त्याच वेळी हातातील काम चालू ठेवणे, या दोन्ही गोष्टी त्यांच्या काव्यात एकत्र नांदतात. त्यांच्या धीराचे मूळ येथे आहे.

लेखनाचे मोल

बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी काही गाणी वेळोवेळी उतरवून घेतली. आईच्या निधनानंतर सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखविली आणि अत्रे यांच्या पुढाकाराने, त्यांच्याच प्रस्तावनेसह, १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' हा संग्रह प्रसिद्ध झाला. जी गाणी कागदावर आली नाहीत, ती त्यांच्याबरोबरच गेली. गाण्याने बहिणाबाईंना जगताना सोबत केली. ती सोबत इतरांपर्यंत पोहोचली ती लेखनामुळे.

एक मर्यादा

येथे सावधपणे विचार करणे आवश्यक आहे. बहिणाबाईंच्या काळीही पाऊस दगा देत असे, परंतु ऋतूंच्या क्रमावरचा विश्वास टिकून होता. आज तो क्रमच डळमळीत झाला आहे. त्यामुळे त्यांच्या काव्यात आजच्या संकटावरील उपाय शोधणे योग्य ठरणार नाही. पीकविमा, पाणी आणि नुकसानभरपाई यांची जागा कविता घेऊ शकत नाही. तसेच मन फार खचले असता वैद्यकीय मदतीचीही नाही. मात्र भीतीला नेमका शब्द मिळाला, की ती दुसऱ्याला सांगता येते, आणि सांगता आलेली भीती एकट्याने वाहावी लागत नाही. बहिणाबाईंच्या चरित्रातून आपण एवढे निश्चितपणे घेऊ शकतो.

स्वाध्याय

१. बहिणाबाईंच्या काव्यातील निसर्ग त्यांच्या कष्टांशी कसा जोडलेला आहे, ते सोदाहरण स्पष्ट करा.

२. सलग पंधरा दिवस आपल्या शेतातील, परसातील किंवा वाटेवरील एकाच झाडाचे निरीक्षण करा. रोज तीन-चार ओळींत त्याची स्थिती आणि त्या दिवशीची आपली मनःस्थिती लिहा. अहिराणी, भिली, पावरी, गुजरी किंवा घरात बोलली जाणारी कोणतीही बोली वापरा.

३. घरातील वा शेजारच्या लिहिता न येणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तीकडून पावसाविषयीचे एक गाणे किंवा आठवण ऐका, तिच्या संमतीने तिच्याच शब्दांत उतरवा आणि तिला वाचून दाखवा.