भूत, करणी अन् गाडगेबाबांचा खराटा

होळी जवळ आली की बुलडाणा तालुक्यातल्या पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी यात्रेला माणसांची रीघ लागते. कोणी श्रद्धेनं येतं, कोणी घरातल्या माणसाला बाहेरचं झालं म्हणून घेऊन येतं. लेकरू तापानं फणफणलं तरी आधी लिंबू-अंगारा अन् मग दवाखाना, असं आजही काही घरांत चालतं. आपल्याच वऱ्हाडातला, शाळेचं तोंड न पाहिलेला एक माणूस या भीतीशी जन्मभर भांडला. ते गाडगेबाबा.

23 फेब्रुवारी 1876 ला अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लेकराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला माहेरी आली. डेबूजीनं मामाची गुरं राखली, नांगर धरला, शेती अशी केली की गाव बघत राहावं. पण मामाला वाचता येत नव्हतं. सावकाराच्या कागदावर अंगठा उठला अन् जमीन गेली. शेतकऱ्याला खरं झपाटणारं काय असतं, हे डेबूजीनं घरातच पाहिलं.

पुढं लग्न झालं, मुलगी झाली. बारशाला दारू-मटणाचं जेवण द्यायचा रिवाज होता. डेबूजीनं गोडाचं जेवण दिलं. जातभाई बिथरले, रिवाज मोडला तर देव कोपेल म्हणाले. काही कोपलं नाही.

1905 साली त्यांनी घर सोडलं. अंगात चिंध्यांचा अंगरखा, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटकी बांगडी, एका हातात गाडगं अन् दुसऱ्यात खराटा. गावात शिरले की आधी झाडायला लागायचे. गाव झाडून झालं की रात्री कीर्तन.

त्या कीर्तनाची तऱ्हाच वेगळी. बाबा सांगायचे कमी, विचारायचे जास्त. नवसाला बकरं मागणारा देव वाघ का मागत नाही? ज्या दगडावर कुत्रं पाय वर करून जातं अन् ज्याला ते हाकलता येत नाही, तो आपलं काय राखणार? लोक हसत हसत उत्तर देत अन् उत्तर देता देता आपणच अडकत. अंगात येणं, करणी, भूतबाधा, देवर्षी यांच्यावर त्यांचा असाच मारा चाले. भ्यालेल्या माणसाची त्यांनी टिंगल केली नाही. टिंगल केली ती त्या भीतीवर पोट भरणाऱ्याची.

भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं हा आज 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. बाबांच्या हयातीत तो कायदा नव्हता.

अन् बाबा नास्तिक होते असं कोणी समजू नये. देवकीनंदन गोपाला हे नाव त्यांच्या ओठावर कायम असायचं. पण ते देव शोधायचे भुकेल्यात, रोग्यात. पंढरपूर, नाशिक, आळंदीला त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, तशी मुंबईत जे.जे. हॉस्पिटलजवळही केली. खेड्यातला माणूस रोगी घेऊन शहरात आला तर टेकणार कुठं? नुसतं दवाखान्यात जा म्हणणं सोपं असतं, बाबांनी तिथं राहायची सोय केली.

1923 साली एकुलता एक मुलगा गोविंदा गेला. बाबा तेव्हा कोकणात कीर्तनाला उभे होते. निरोप आला, कीर्तन थांबलं नाही.

20 डिसेंबर 1956 ला अमरावतीला नेत असताना वलगावजवळ पेढी नदीपाशी गाडीतच त्यांनी प्राण सोडला. आपली मूर्ती करू नका, समाधी-मंदिर बांधू नका, असं ते सांगून गेले होते. अमरावतीच्या गाडगेनगरात आता त्यांचं समाधी मंदिर आहे.