दोर कापून दाखवणारा माणूस

नव्या बिल्डिंगचा रंग वाळला, काचा बसल्या की आपल्याला वाटतं, झालं काम. तुमच्या सिव्हिलवाल्या मित्राला विचारून बघा. तो सांगेल, आता कुठे कमिशनिंग सुरू होतंय. म्हणजे पंप, जनरेटर, फायर अलार्म, लिफ्ट हे सगळं आधी एकेकटं चालवून बघायचं आणि मग एकत्र. मुद्दाम लाइट घालवायची आणि जनरेटर आपोआप सुरू होतो का ते पाहायचं. अलार्म वाजवायचा आणि लिफ्ट निमूट तळमजल्यावर येते का ते तपासायचं. किल्ली मालकाच्या हातात जाण्याआधी घेतलेली बिल्डिंगची व्हायवाच म्हणा ना!

अशीच एक व्हायवा एका माणसाने स्वतः लिफ्टमध्ये उभं राहून दिली होती. त्याचं नाव एलिशा ग्रेव्हज ओटिस. तुमच्या कॉलेजच्या लिफ्टच्या दारावर कदाचित हेच आडनाव असेल.

ओटिसचा जन्म १८११ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातला. त्याच्या आयुष्याची पहिली चाळीस वर्षं वाचताना खरंच वाईट वाटतं. त्याने मालवाहू गाडी हाकली आणि न्यूमोनियातून कसाबसा वाचला. पिठाची गिरणी टाकली, ती चालली नाही. मग तिथेच लाकूड कापायला घेतलं, तेही जमेना. पहिली बायको वारली आणि पदरात दोन लहान मुलगे राहिले. पुढे त्याने पलंगाचे भाग झपाट्याने बनवणारं यंत्र तयार केलं आणि त्या पैशांतून ऑल्बनी शहरात एका ओढ्याच्या पाण्यावर स्वतःचा कारखाना काढला. शहराला प्यायला पाणी हवं म्हणून तो ओढाच वळवला गेला. संपलं!

१८५२ च्या सुमारास तो न्यूयॉर्कजवळच्या याँकर्स गावात पलंगाचा कारखाना उभारत होता. तिथे सामान वरच्या मजल्यावर न्यायचं होतं. माल चढवणारे पाळणे तेव्हाही होते, पण दोर तुटला की माल गेला आणि सोबतचा माणूसही गेला. ओटिसने पाळण्याच्या वर गाडीची पोलादी स्प्रिंग बसवली. दोर ताणलेला असेपर्यंत ती वाकलेली राहायची. दोर तुटला की ती सरळ व्हायची आणि तिची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत रुतायची. मग पाळणा जागच्या जागी थांबायचा. एवढं साधं! गंमत म्हणजे त्याला स्वतःला यात फार विशेष वाटलंच नाही. त्याने लगेच पेटंटही घेतलं नाही. तो सोनं शोधायला कॅलिफोर्नियाला जायच्या विचारात होता, तेवढ्यात असे पाळणे हवेत म्हणून ऑर्डर आली आणि तो थांबला.

तरी विक्री यथातथाच. मग १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात तो पाळण्यावर चढला, गर्दीच्या डोक्यावर उंच गेला आणि त्याने दोर कापायला लावला. आपल्याकडे दोर कापले म्हटलं की सिंहगड आठवतो. तिथे परतीची वाट बंद करायची होती. इथे नेमकं उलट सिद्ध करायचं होतं, की दोर गेला तरी माणूस वाचतो. पाळणा किंचित खाली आला आणि थांबला.

लोकांना नेणारी त्याची पहिली लिफ्ट १८५७ साली ब्रॉडवेवरच्या हॉवट यांच्या पाच मजली दुकानात बसली. तिचा वेग मिनिटाला जेमतेम बारा मीटर होता. म्हणजे तुम्ही जिन्याने आधी पोचला असता. १८६१ च्या एप्रिलमध्ये घटसर्पाने ओटिस गेला, पन्नाशीही न गाठता. गडगंज वगैरे तो कधीच झाला नाही.

धंदा चार्ल्स आणि नॉर्टन या मुलांनी वाढवला. १८८९ साली त्यांच्या कंपनीने आयफेल टॉवरच्या तिरक्या पायांत लिफ्ट बसवल्या. लोकांना आत घेण्याआधी तिथेही चाचणी झाली. लिफ्टचे तारेचे दोर सोडवले, ती साध्या दोरांवर टांगली, आत शिशाचं वजन भरलं आणि एका सुताराने कुऱ्हाडीने दोर तोडला. लिफ्ट हलली, थोडी डुलली आणि थांबली. तिची एक काचसुद्धा फुटली नाही.