हिवऱ्याचे औषधी-बागवान : डॉ. गिब्सन

नारायणगांवाजवळील हिवरें आम्हां जुन्नरकरांस परिचित आहे. परंतु तेथें एके काळीं सरकारी औषधी-बाग होती, हें थोड्यांसच ठाऊक असेल. तिचे चालक डॉ. अलेक्झांडर गिब्सन. सन १८०० मध्यें स्कॉटलंडांत जन्मलेले हे शल्यवैद्य दक्षिण व खानदेशांत देवी टोंचण्याच्या कामावर होते. १८३८ त दापोडीची बाग त्यांच्याकडे आली. विलायतेहून आणलेलीं औषधें महाग पडत. तेव्हां सोनामुखी, वेदना शमविणारा खुरासानी ओवा अशीं औषधें येथेंच पिकवून मुंबईच्या औषधभांडारास पुरविण्याचा उद्योग त्यांनीं आरंभिला. केवळ शोभेसाठीं सरकारनें बागेवर पैसा घातला असता, असें आम्हांस वाटत नाहीं! १८४७ त ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. डाल्झेल यांच्यासह लिहिलेला त्यांचा वनस्पतिग्रंथ १८६१ त निघाला. १८६७ त ते निवर्तले.