योग मोजून दाखवणारे स्वामी कुवलयानंद
लोणावळा : कैवल्यधामची पाटी आपण येता-जाता बघतो. ते उभं करणारे स्वामी कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, गुजरातेतल्या डभोईचा. अमळनेरला शिक्षक होते. योग शिकले मालसरच्या परमहंस माधवदासांकडे. पण योगाचे गुण नुसते सांगून भागत नाही, तपासून दाखवले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह. बडोद्याच्या दवाखान्यात त्यांनी नौलीचे, म्हणजे पोटाचे स्नायू फिरवण्याच्या क्रियेचे, एक्स-रे काढून घेतले. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हेही मोजलं. १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम आणि ‘योगमीमांसा’ त्रैमासिक सुरू केलं. १९६६ मध्ये ते गेले. आज योगाचे दावे रोज मोबाईलवर येतात. पुढे पाठवण्याआधी विचारा, हे कुणी मोजून पाहिलंय का?