विश्लेषण : बंदुकीसाठीचे पोलाद वाफेच्या कामी कसे आले? हॅरी ब्रिअर्ली कोण होते?

स्वयंपाकघरातली सुरी आणि औष्णिक वीज केंद्रातल्या वाफेच्या टर्बाइनचे पाते यांचे नाते जवळचे आहे. दोन्ही क्रोमियम मिसळलेल्या, सहजासहजी न गंजणाऱ्या पोलादाची असतात. या पोलादाशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले, त्या हॅरी ब्रिअर्ली यांची शाळा बाराव्या वर्षीच सुटली होती.

प्रयोगशाळेत कसे आले?

इंग्लंडमधील शेफिल्ड शहरात १८७१ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील पोलाद वितळवणारे कामगार. हॅरीही पोलाद कारखान्यात मजूर म्हणून लागले आणि थोड्याच दिवसांत तिथल्या रसायन प्रयोगशाळेत मदतनीस झाले. रसायनशास्त्र ते घरी अभ्यास करून आणि संध्याकाळच्या वर्गांत शिकले. १९०८ मध्ये शेफिल्डमधील दोन मोठ्या पोलाद कंपन्यांनी मिळून ‘ब्राऊन-फर्थ’ ही संशोधन प्रयोगशाळा उभारली, तेव्हा तिची धुरा त्यांच्याकडेच आली.

शोध नेमका कशाचा सुरू होता?

१९१२ मध्ये त्यांच्यापुढे आलेला प्रश्न गंजाचा नव्हताच. गोळीबाराच्या उष्णतेने आणि वायूंनी बंदुकीच्या नळ्या आतून झिजत होत्या. जास्त उष्णता सोसणारे पोलाद हवे, म्हणून ब्रिअर्ली यांनी क्रोमियमचे प्रमाण वाढवून पाहिले. १३ ऑगस्ट १९१३ च्या ओतकामात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी पोलादाचा पृष्ठभाग आम्लाने खरवडावा लागतो. हे पोलाद आम्लाला दाद देईना. प्रयोगात अडचण आली, असे म्हणून दुसऱ्या कुणी तो तुकडा फेकून दिला असता. ब्रिअर्ली यांनी मात्र त्यावर व्हिनेगर आणि लिंबाचा रस टाकून पाहिला आणि त्यांना सुऱ्या-काट्यांचा धंदा दिसला.

शेफिल्डच्या सुरीवाल्यांनी आधी त्यांची थट्टाच केली. न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक, अशी त्यांची ओळख झाली. ‘स्टेनलेस’ हे नावही अर्नेस्ट स्टुअर्ट या सुऱ्यांच्या कारखान्यातील व्यवस्थापकाने सुचवलेले.

वाद कशावरून झाला?

मालकी आणि श्रेयावरून. कंपनीशी पटेना, तेव्हा १९१५ मध्ये ब्रिअर्ली यांनी प्रयोगशाळा सोडली. ज्या शोधाने नाव झाले, त्यावर पुढचे काम दुसऱ्यांनी केले. त्यांच्या जागी आलेल्या विल्यम हॅटफिल्ड यांनी १९२४ मध्ये १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचे पोलाद आणले. जर्मनीत क्रुप कंपनीनेही क्रोमियम-निकेल पोलाद १९१२ मध्येच बनवले होते, त्यामुळे हा शोध एकट्या ब्रिअर्ली यांचा म्हणणे बरोबर नाही. १९२० मध्ये त्यांना बेसेमर सुवर्णपदक मिळाले. १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले.

मग सगळा बॉयलर स्टेनलेसचा का नाही?

क्रोमियम हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर अतिशय पातळ थर धरते, ओरखडा उठला तरी तो पुन्हा भरून येतो. पण पाण्यात क्लोराइड असेल, धातूवर ताण असेल आणि वर उष्णता असेल, तर निकेलयुक्त स्टेनलेसला बारीक भेगा पडतात. नळी वरून चकचकीत दिसते आणि अचानक फुटते. म्हणून पाणी उकळणाऱ्या भागात साधे किंवा कमी मिश्रधातूचे पोलादच वापरतात. पाण्यातला ऑक्सिजन काढून ते किंचित अल्कधर्मी ठेवले, की नळीवर मॅग्नेटाइटचा काळा थर बसतो आणि तोच तिला राखतो. पाण्याची ही निगा बिघडली, की उत्तम नळीही टिकत नाही.

सुपरहीटरचे गणित वेगळे. तिथे वाफ साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाते, साध्या पोलादाच्या खपल्या निघू लागतात. तिथे मॉलिब्डेनमसह सव्वादोन किंवा ९ टक्के क्रोमियमचे पोलाद येते. सर्वांत तापणाऱ्या नळ्यांना १८-८ च्या कुळातले. तिथून वाफ टर्बाइनमध्ये शिरते. तिथल्या अनेक पात्यांत आजही १२ ते १३ टक्के क्रोमियम असते, म्हणजे १९१३ च्या त्या ओतकामाइतकेच.